बलोपासनेचे प्रयोजन : झॉर्झ एबेर यांचे जीवनकार्य

मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी तांबड्या मातीची तालीम हे दृश्य महाराष्ट्रातील गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात सातारा-कऱ्हाड परिसरात आणि त्याच्या आसपास अकरा मारुती स्थापन केले आणि बलोपासनेला भक्तीची जोड दिली. मारुती हे बळाचे दैवत खरे. पण त्याचे बळ स्वतःसाठी नाही. समुद्र ओलांडला तो सीतेच्या शोधासाठी, पर्वत उचलला तो लक्ष्मणाच्या प्राणासाठी. शरीर कमवावे, पण कशासाठी कमवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने असे एका दैवताच्या रूपाने देऊन ठेवले आहे.

आपल्या परंपरेचा ज्याला स्पर्शही झालेला नव्हता अशा एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्याने आपले सारे आयुष्य वेचले. त्या अधिकाऱ्याचे नाव झॉर्झ एबेर. आज जगातील अनेक शहरांत तरुण मुले भिंतींवरून, कठड्यांवरून आणि जिन्यांवरून झेपा घेत जाताना दिसतात. त्या विद्येला पार्कूर म्हणतात. या विद्येचे गोत्र शोधीत मागे गेले की आपण एबेर यांच्यापाशी येऊन पोहोचतो. त्यांच्या हयातीत पार्कूर हा शब्द या अर्थाने कोणी उच्चारलेलाही नव्हता. तरी तिचे बीज त्यांनीच पेरले होते.

एबेर यांचा जन्म २७ एप्रिल १८७५ रोजी पॅरिस येथे झाला. तरुणपणीच ते फ्रेंच नौदलात अधिकारी झाले. त्या काळी शिडाची जहाजे पुरती मागे पडलेली नव्हती. वादळी वाऱ्यात डोलकाठीवर चढणे, दोरखंडाला लोंबकळत तोल सांभाळणे, भरतीच्या लाटांत होडी हाकणे हा खलाशांचा नित्याचा उद्योग होता. या खलाशांना व्यायामशाळेचे शिक्षण मिळालेले नसे, तरी त्यांची शरीरे चपळ आणि काटक असत. दूरदूरच्या बंदरांत आणि बेटांवर जहाज लागले, की तेथील निसर्गाच्या सान्निध्यात राहणारी माणसे एबेर लक्षपूर्वक पाहत. त्यांचे सहज धावणे, झाडावर चढणे, पोहणे, ओझी वाहणे त्यांच्या मनात भरले. शहरात वाढलेल्या युरोपीय तरुणाचे शरीर या माणसांपुढे फिके का पडते, हा विचार त्यांना सतावू लागला.

या विचाराला निश्चित दिशा लाभली ती एका भीषण आपत्तीने. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर, माँ पेले या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, सेंट पिएर नावाचे गजबजलेले बंदर होते. ८ मे १९०२ रोजी सकाळी या ज्वालामुखीचा स्फोट झाला. तप्त वायू आणि राख यांचा लोट डोंगरावरून खाली आला आणि काही मिनिटांत सारे शहर भस्मसात झाले. सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. शहरातून जिवंत निघालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. स्यूशे ही फ्रेंच युद्धनौका त्याच दिवशी तेथे पोहोचली. एबेर तिच्यावर अधिकारी होते. आसपासच्या किनाऱ्यावरील गावांतून अडकून पडलेल्या भयग्रस्त माणसांना समुद्रमार्गे सुरक्षित स्थळी हलविण्याचे काम सुरू झाले. सुमारे ७०० माणसांच्या सुटकेची व्यवस्था एबेर यांनी पाहिली, असे त्यांची चरित्रे सांगतात.

या प्रसंगाचा त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला. संकटाच्या घटकेला केवळ दयाबुद्धी पुरत नाही. बुडत्याला ओढून काढण्यासाठी पोहता यावे लागते, जखमीला वाहून नेण्यासाठी खांद्यात ताकद असावी लागते. उलटपक्षी, ज्याच्या अंगी ताकद आहे पण मनात धैर्य नाही किंवा परक्याविषयी कणव नाही, तो प्रथम स्वतःचा जीव घेऊन पळतो. म्हणून शरीर, धैर्य आणि परोपकारबुद्धी ही तिन्ही एकत्र घडविली पाहिजेत, अशी त्यांची खूणगाठ बांधली गेली. माणसाने बलवान व्हावे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, हे सूत्र त्यांनी पुढे आपल्या सर्व कार्याच्या अग्रभागी ठेविले.

मायदेशी परतल्यावर लोरियां येथील नौसैनिकांच्या शाळेत शारीरिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळी युरोपात स्वीडिश पद्धतीच्या कवायतीचे मोठे प्रस्थ होते. विद्यार्थ्यांनी रांगेत उभे राहावे, शिक्षकाने आकडे मोजावेत आणि त्या तालावर हात वर, हात खाली करावे, असा तो प्रकार. या कवायतीने शिस्त येते, पण जहाजावर किंवा रणांगणावर जे करावे लागते त्यांपैकी काहीच येत नाही, हे एबेर यांनी हेरले. त्यांनी आपल्या पद्धतीची उभारणी १९०५ पासून केली. तिला त्यांनी निसर्गपद्धती असे नाव दिले.

या पद्धतीत मानवी हालचालींचे दहा गट मानलेले आहेत : चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर रांगत जाणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे. मोकळ्या मैदानावर एक मार्ग आखावयाचा, त्यावर ओंडके, भिंती, दोर, खड्डे, शिड्या अशी विघ्ने ठेवावयाची आणि तो मार्ग न थांबता पार करावयाचा. कवायतीतल्यासारखे एका जागी उभे राहणे नाही. विद्यार्थी लाटेमागून लाट यावी तसे तुकड्यातुकड्यांनी निघत. चपळ असेल त्याने आपल्या गतीने पुढे जावे, मंद असेल त्याने आपल्या गतीने जावे. मात्र कोणी रिकामे उभे राहू नये. अंगावर कमीत कमी कपडे असावेत आणि ऊन, वारा, थंडी यांचा शरीराला सराव व्हावा, यावर त्यांचा कटाक्ष होता.

एबेर यांनी मोजमापाचा अव्हेर केला नाही. १९११ मध्ये त्यांनी बळाची एक संहिताच सिद्ध केली. धावणे, उंच आणि लांब उड्या, दोरावर चढणे, ४० किलोचे वजन उचलणे, गोळा फेकणे, पोहणे, पाण्याखाली राहणे अशा १२ कसोट्यांवर प्रत्येकाला गुण दिले जात. विशेष हा, की एकाच कसोटीत अचाट पराक्रम करून बाकीच्यांत कच्चे राहणाऱ्याचे येथे कौतुक नव्हते. जो उत्तम धावतो पण ज्याला पोहता येत नाही, तो त्यांच्या दृष्टीने अपुराच. कोणते संकट कोणत्या रूपाने येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सर्वांगीण तयारी हवी, हे त्यामागील तत्त्व होते. आपल्याकडील जुन्या तालमींतून जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लाठी यांचे शिक्षण एकाच छपराखाली मिळत असे, त्यामागील दृष्टी फारशी निराळी नव्हती.

मार्च १९१३ मध्ये पॅरिस येथे शारीरिक शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे एबेर यांच्या शिष्यांनी केलेल्या प्रात्यक्षिकांनी जमलेले तज्ज्ञ स्तिमित झाले. आदल्या वर्षी स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत फ्रान्सची कामगिरी निराशाजनक झाली होती आणि राष्ट्राच्या शरीरसंपदेची चिंता सर्वत्र बोलून दाखविली जात होती. शँपेनच्या व्यवसायात अग्रगण्य असलेल्या घराण्यातील मार्क्विस द पोलिन्याक यांनी रँस शहरात एक विस्तीर्ण उद्यान उभारून तेथे क्रीडापटूंचे महाविद्यालय काढले आणि त्याची धुरा एबेर यांच्याकडे सोपविली. धावपट्ट्या, पोहण्याचे तलाव, अडथळ्यांचे मार्ग आणि हिरवळ यांनी नटलेली ही संस्था म्हणजे एबेर यांच्या स्वप्नाचे मूर्त रूप होते.

हे स्वप्न एक वर्षही धड टिकले नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. रँस शहर तोफांच्या माऱ्यात सापडले आणि महाविद्यालय उद्ध्वस्त झाले. एबेर नौसैनिकांच्या पलटणीबरोबर आघाडीवर गेले आणि बेल्जियममधील डिक्समुइड येथील घनघोर लढाईत गंभीर जखमी झाले. ज्या तरुणांची शरीरे जगावीत म्हणून त्यांनी घडविली होती, त्यांची एक अख्खी पिढी खंदकांत कापली गेली. बळाचे प्रयोजन दुसऱ्याचे प्राण वाचविणे हे आहे असे मानणाऱ्या माणसाला यापरते मोठे दुःख कोणते असेल ? योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच १९१४ साली आपल्याकडे अमरावतीस वैद्य बंधूंनी त्या आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली, जो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने विख्यात झाला आणि ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. एका भूमीवर एक व्यायामपीठ तोफांनी पडत होते, दुसऱ्या भूमीवर दुसरे उभे राहत होते.

युद्धानंतर एबेर यांनी पुन्हा आरंभापासून कामाला सुरुवात केली. या वेळी त्यांचे लक्ष विशेषकरून स्त्रियांकडे आणि मुलांकडे वळले. युरोपातील सुखवस्तू घरांतील स्त्रिया तोपर्यंत घट्ट आवळलेल्या कंबरपट्ट्यांत जखडलेल्या असत. या पट्ट्यांनी श्वास कोंडतो आणि पाठीचे स्नायू दुबळे होतात, असे एबेर यांनी निक्षून मांडले. १९१९ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या शरीरसौष्ठवावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्नायूंची बळकटी हेच खरे सौंदर्य होय असे प्रतिपादन केले. नॉर्मंडीच्या समुद्रकिनाऱ्यावर दोव्हिल येथे पॅलेस्ट्रा नावाचे केंद्र त्यांनी स्थापन केले. तेथे स्त्रिया उघड्या हवेत धावत, चढत, पोहत आणि वजने उचलीत. त्या काळच्या समाजाला हे धाडस पचनी पडणे सोपे नव्हते.

१९२५ मध्ये त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध करून क्रीडाजगताशी उघड वैर पत्करले. खेळ हे शारीरिक शिक्षणाचे शत्रू ठरू लागले आहेत, असा त्या ग्रंथाचा रोख होता. मूठभर खेळाडू मैदानात आणि हजारो लोक प्रेक्षागारात, ही व्यवस्था त्यांना विपरीत वाटे. विक्रमाचा ध्यास, पैशाची चढाओढ आणि टाळ्यांचे व्यसन यांमुळे माणूस एकांगी होतो. प्रतिस्पर्ध्याचा पराभव हेच साध्य बनते आणि दुसऱ्याला हात देण्याची वृत्ती मागे पडते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑलिंपिक चळवळ त्या वेळी भरभराटीस येत होती. तिच्या विरोधात उभे राहणाऱ्याचे ऐकणार कोण ? एबेर यांना या भूमिकेची किंमत मोजावी लागली. मोठ्या क्रीडासंस्थांच्या वर्तुळात ते एकाकी पडत गेले. तरी आपले मत त्यांनी मऊ केले नाही.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही प्रांजळपणे नोंदविल्या पाहिजेत. दूरदेशीच्या ज्या लोकांच्या शरीरांचे त्यांनी गुणगान केले, त्यांच्याकडे त्यांनी साम्राज्याच्या नौदल अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले. त्या लोकांचेही शिकविण्याचे शास्त्र असेल, त्यांच्याही परंपरा आणि गुरू असतील, याची जाणीव त्या पाहण्यात कमी होती. पुढे १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर जर्मनांच्या छायेत आलेल्या व्हिशी सरकारने शाळाशाळांतून निसर्गपद्धतीचा पुरस्कार केला. स्वेच्छेने उपयोगी पडण्याची शिकवण राज्यकर्त्यांच्या हाती गेली, की तिचे आज्ञापालनाच्या शिकवणीत किती सहज रूपांतर होते, याचे हे उदाहरण आहे. युद्ध संपल्यावर त्या राजवटीबरोबर पद्धतीवरही काजळी आली आणि शाळांतून खेळ व स्पर्धा यांचेच राज्य सुरू झाले.

१९५५ मध्ये निसर्गपद्धतीला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने फ्रेंच सरकारने लेजियन ऑफ ऑनर या सर्वोच्च सन्मानातील कमांडर ही श्रेणी त्यांना प्रदान केली. वयाची ८० वर्षे उलटली होती. अखेरच्या काळात त्यांना पक्षाघाताने गाठले. चालणे, बोलणे, लिहिणे, सारेच गेले. ज्याने सहस्रावधी माणसांना धावायला शिकविले, त्याला स्वतःचे पाऊल उचलता येईना. पण या वृद्ध शिक्षकाने आता स्वतःलाच शिष्य केले आणि एकेक पाऊल, एकेक शब्द, एकेक अक्षर पुन्हा शिकावयास घेतले. त्यांची ती जिद्द पाहून भोवतालची माणसे थक्क होत. २ ऑगस्ट १९५७ रोजी नॉर्मंडीतील तूर्जेव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

एबेर गेले तेव्हा त्यांचे कार्य संपले असेच अनेकांना वाटले असेल. पण सैन्याच्या आणि अग्निशामक दलांच्या शिक्षणक्रमांत अडथळ्यांचा तो मार्ग टिकून होता. तेथूनच पुढची कथा सुरू होते, आणि आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना ती विशेष जवळची वाटेल.

रेमाँ बेल यांचा जन्म १९३९ मध्ये व्हिएतनाममध्ये झाला. वडील फ्रेंच, आई व्हिएतनामी. युद्धाच्या धामधुमीत आईवडिलांची ताटातूट झाली आणि हे पोर दालात येथील लष्करी शाळेत येऊन पडले. दांडग्या मुलांच्या जाचातून वाचावे म्हणून तो रात्री इतर निजले असता एकटाच अडथळ्यांच्या मार्गावर धावे, चढे, उड्या घेई. १९५४ मध्ये फ्रेंच सत्ता तेथून हटली आणि त्याची पाठवणी फ्रान्सला झाली. पुढे पॅरिसच्या अग्निशामक दलात भरती होऊन त्यांनी असामान्य धाडसाबद्दल नावलौकिक मिळविला. कोणी नसलेल्या त्या मुलाला एबेर यांच्या परंपरेतील या व्यायामाने प्रथम बळ दिले आणि नंतर त्या बळाचे प्रयोजनही दिले. आगीत सापडलेल्यांना वाचविणे हाच त्यांचा पेशा झाला. १९९९ मध्ये ते निवर्तले.

त्यांचा मुलगा डेव्हिड बेल हा पॅरिसच्या दक्षिणेकडील लिस या उपनगरात मित्रांसह सराव करू लागला. तेथे आणि शेजारच्या एव्हरी येथे अनेक कुटुंबे आफ्रिकेतून, आशियातून, कॅरिबियन बेटांतून येऊन स्थिरावली होती. भोवती काँक्रीटच्या इमारती, जिने आणि भिंती. तरुणांना करण्यासारखे फारसे काही नाही. या मुलांनी त्या भिंतींनाच आपला आखाडा केला. प्रवेश फी नव्हती, गणवेश नव्हता, साहित्य लागत नव्हते. कोणाचे आईबाप कोठून आले याची विचारपूस नव्हती. एकाला उडी साधली नाही तर बाकीचे त्याच्यासाठी थांबत. सुरुवात एकत्र केली तर शेवटही एकत्र करावयाचा, हा त्यांचा दंडक होता. त्यांच्यापैकी काहींनी १९९७ च्या सुमारास आपल्या गटाला यामाकासी हे आफ्रिकेतील लिंगाला भाषेतील नाव घेतले. बलवान शरीर आणि बलवान मन असा त्याचा आशय. अडथळ्यांच्या मार्गासाठी फ्रेंच भाषेत जो शब्द होता, त्याचेच किंचित बदललेले रूप म्हणजे पार्कूर. बलवान व्हावे ते उपयोगी पडण्यासाठी, हे एबेर यांचे सूत्र या मुलांनी आपले मानले.

१९२५ चा वादही नव्या रूपाने परत आला. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने पार्कूरला आपल्या छत्राखाली घेण्याचे ठरविले आणि २०२२ मध्ये टोकियो येथे त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. पार्कूरच्या अनेक संघटनांनी याला कडाडून विरोध केला. आम्ही एकमेकांना हरविण्यासाठी एकत्र आलो नव्हतो, हा त्यांच्या विरोधाचा आशय होता. स्पर्धेमुळे विद्येला प्रतिष्ठा, साधने आणि नवे शिष्य मिळतात हे खरे. आपल्या मल्लखांबालाही राष्ट्रीय स्पर्धांनी नवे जीवन दिले आहे. तरीही एबेर यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. पदक एकालाच मिळते. ज्याला पदक मिळणार नाही अशा मुलाने आखाड्यात का यावे, याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.

परप्रांतात मंडळ चालविणाऱ्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. गणेशोत्सवात रंगमंचावर चार गुणी मुले चमकतात आणि त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. पण मंडळ टिकते ते सतरंज्या उचलणाऱ्यांच्या, मध्यरात्री कोणाला रुग्णालयात न्यावे लागले तर धावून जाणाऱ्यांच्या, नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला घर शोधून देणाऱ्यांच्या बळावर. एबेर यांनी मार्टिनिकच्या किनाऱ्यावर जे पाहिले ते थोड्याफार फरकाने आपणही या ५० वर्षांत पाहिले आहे. मुलांना संध्याकाळी तासभर मोकळ्या मैदानावर धावावयास, चढावयास, एकमेकांना हात देऊन भिंत ओलांडावयास शिकविण्याची सोय मंडळाने केली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. एक मैदान, चार ओंडके, एक दोर आणि रोज नेमाने येणारा एखादा वडीलधारा माणूस एवढ्यावर ते उभे राहू शकते. एबेर यांनी लोरियांच्या मैदानावर आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशी याहून फार अधिक काही नव्हते.